कंबर कुणाची?

"झोप गं, लाजतेस काय! सुई नाही, शॉक नाही, काही नाही," असं म्हणत वैजयंतीबाईंनी सुनेला पलंगाकडे जवळजवळ ढकललंच.

सीवूड्समधल्या त्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये श्रुती पर्स पोटाशी धरून उभी होती. पलंगावर एक मोठं पांढरं कडं होतं. त्यातल्या चुंबकीय लहरींनी हाडांचं, सांध्यांचं दुखणं कमी होतं म्हणे. वैजयंतीबाईंच्या गुडघ्याला गुण आला होता. झालं! तेव्हापासून भेटेल त्याला त्या मॅग्नेटचंच सांगत सुटल्या होत्या. महापेच्या ऑफिसात दिवसभर बसून सुनेची कंबर धरते म्हटल्यावर तिला न विचारताच त्यांनी फोन करून नंबर लावला.

बाई मनाने चांगल्या, पण तोंडात तीळ भिजत नाही. गेल्या वर्षी श्रुतीला दिवस गेले, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात त्यांनी सोसायटीभर पेढे वाटले होते. मग ते राहिलं नाही. नंतर कितीतरी दिवस बायका सांत्वनाला येत राहिल्या आणि प्रत्येकीपुढे श्रुतीला तेच पुन्हा सांगावं लागलं. या वेळी तिने नवऱ्याला, निशांतला शपथच घातली होती. तीन महिने भरेपर्यंत आईंना कळता कामा नये.

फिजिओला एकटीला गाठून हळूच सांगू, असं तिने ठरवलं होतं. पण आई बाजूला हटतील तर ना! त्यात शेजारच्याच पलंगावर, गुडघा कड्यात घालून, सोसायटीतल्या गीतांजलीताई पडल्या होत्या.

फिजिओ मुस्कानने नेहमीचे प्रश्न सुरू केले. "पेसमेकर आहे? शरीरात कुठे रॉड, स्क्रू?"

"नाही."

"प्रेग्नंट नाही ना? असाल तर हे लावत नाही आम्ही."

श्रुतीने पर्स आणखी घट्ट धरली. 'नाही' म्हणवेना आणि 'हो' म्हणायची भीती वाटत होती. गीतांजलीताईंनी मोबाइल खाली ठेवला.

वैजयंतीबाईंनी सुनेकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग पर्सवर आवळलेल्या बोटांकडे. खाकरून त्या मुस्कानवर खेकसल्या, "अगं, हिला काय विचारतेस? कंबर माझी दुखतेय! ही नुसती सोबत आलीय. सरक गं तू."

"पण आंटी, फोनवर तर तुम्ही सुनेचं..."

"वय झालं बाई माझं. बोलायला जाते एक, बोलते भलतंच."

आणि त्या स्वतःच कड्यात जाऊन आडव्या झाल्या.

गीतांजलीताईंनी खडा टाकून पाहिला. "श्रुती जरा उतरलेली दिसते. काही विशेष?"

"विशेष कसलं! ऑफिसचं टेन्शन," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मशीन बंद होईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मुस्कानने दोनदा विचारलं, आंटी, बरं वाटतंय ना?

बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षा थांबवली. श्रुतीला हात धरून आधी बसवलं.

"आई, मला तुम्हाला..."

"आत्ता नको. तीन महिने होऊ देत," त्या पुटपुटल्या. मग पुढे वाकून रिक्षावाल्याला मोठ्याने म्हणाल्या,

"दादा, खड्डे बघून सावकाश घ्या हं. माझी कंबर धरलीय."