पाचच्या आत

विमा कंपनीच्या कॉल सेंटरच्या खोलीत चोवीस खुर्च्या होत्या. अंतर राखायचं म्हणून एकाआड एक अशा बारांवर चिकटपट्टीची फुली मारलेली. उरलेल्या बारांपैकी अकरांवर माणसं होती. बाराव्या खुर्चीवरचा मुलगा आजारी नव्हता. सरकारची परवाची प्रवास-सूचना जाहीर होण्याआधीच त्याने ती एका गिऱ्हाइकाला फोनवर सांगून टाकली होती. फोन रेकॉर्ड होतात हे तो विसरला. साहेब विसरले नाहीत.

आजची सूचना पाच वाजता निघणार होती. साथ पसरलेल्या एका देशात जाणं टाळा, असं सरकार सांगणार आणि त्यानंतर निघालेल्या प्रवासविम्यातून साथीचा आजार वगळला जाणार. आधी निघालेल्या विम्याला धक्का नव्हता. साहेबांनी दुपारी सगळ्यांना उभं करून हे सांगितलं होतं आणि मग मास्कवरच बोट ठेवून गप्प राहण्याची खूण केली होती.

आता पावणेपाच झाले होते. अकरांपैकी एका खुर्चीवर ती होती आणि तिच्या कानात एक निवृत्त मोजणीदार बोलत होते. त्यांना बायकोसह त्याच देशात जायचं होतं.

"जमीन मोजण्यात जन्म गेला माझा, मॅडम. एकदा इकडून तिकडे मोजायचं, मग तिकडून इकडे. दोन्ही जुळलं तरच सही. तुमच्या अटी एकदा वाचून झाल्या. आता एकोणिसाव्या अटीवरून उलटा येतोय."

"काका, पॉलिसी घेतल्यावरही वाचता येतात त्या. निवांत."

"आधी सही, मग मोजणी? हे बरंय तुमचं."

फोनवर त्यांच्या मागून काकूंचा आवाज आला. "अहो, घ्या ना एकदाचा तो विमा. पोरगी तिकडे नववा महिना घेऊन एकटी बसलीय. जावई दुसऱ्या गावात अडकलेत. आणि ह्यांचं आपलं शेपटाकडून पुराण."

"विम्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, हे तूच म्हणालीस ना? उद्या तिथे आपणच अंथरूण धरलं तर तिने बाळाकडे बघायचं की आपल्याकडे?"

"म्हणाले. पण तो ह्याच जन्मी घ्यायचा, हे सांगायचं राहिलं."

ती हसली नाही. हेडफोनची वायर तिने बोटाभोवती इतकी गुंडाळली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. मागून साहेबांचे बूट करकरत आले, तिच्या खुर्चीपाशी मंदावले आणि पुढे गेले.

"काका, आजच करून टाका," ती म्हणाली.

"का बरं? विमान उद्या संध्याकाळचं आहे. सकाळी उठून, चहा घेऊन, शांतपणे..."

"नको."

तिचा शब्द जरा जोरातच गेला.

"राग मानू नका, मॅडम," काका सावकाश म्हणाले. "पण समोरचा घाई करायला लागला, की मी मोजणीची साखळी पुन्हा ताणून बघतो. सवय आहे. चौथ्या अटीपर्यंत आलो होतो. परत एकोणिसापासून घेतो."

ती जागच्या जागी उठली, बसली. काका वाचत होते: एकोणीस, अठरा, सतरा. प्रत्येक अटीनंतर "हं" म्हणत होते. मधेच त्यांना ठसका लागला, मग ते पाणी प्यायले. तो घोट तिला आख्खा ऐकू आला.

"काका," ती म्हणाली, "माझी ड्युटी पाचला संपते. मग फोन दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."

तिची ड्युटी आठला संपत होती.

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या. "त्या पोरीलाही घर असेल. तिची आई वाट बघत असेल."

"अहो, मग असं आधी सांगायचं ना," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू? करा, मॅडम. बाकीचं तुमच्या भरवशावर."

तिने भराभर बटणं दाबली. कार्डाचे आकडे आधीच घेऊन झाले होते. आता फक्त ओटीपी हवा होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

"मोबाइलवर सहा आकडे आले असतील. पटकन सांगा, काका. पटकन."

"अगं, माझा चष्मा... बरं, राहू दे. चार, शून्य, तीन, नऊ, एक, सात."

ते बोलत होते तसतशी ती टाइप करत गेली. पडद्यावर लाल चौकट आली. ओटीपी चुकीचा.

"थांबा हं, उलटं ताडून बघतो," काका म्हणत होते. "सात. एक. नऊ." चष्म्याची घडी उघडल्याचा आवाज झाला. "तीन कुठला, आठ आहे तो. आठ. शून्य. चार."

आठ ऐकताच तिची बोटं चालली होती. पडद्यावर चक्र फिरायला लागलं.

"बघा," काका समाधानाने म्हणाले. "सापडली की नाही चूक?"

"झालं का गं पोरी?" काकूंनी फोन घेतला होता. "बॅगेला कुलूप लावू ना?"

हिरवी खूण उमटली. तिच्याखाली पॉलिसीचा क्रमांक आला, दोघांची नावं आली आणि शेवटी विमा निघाल्याची वेळ: सतरा वाजून शून्य मिनिटं, चौदा सेकंद.