सील न तुटलेला कॅन

"गुन्हा कबूल?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली.

कारकुनाचं पेन जागच्या जागी थांबलं. सकाळपासून दारूबंदीचे अकरा आरोपी होऊन गेले होते. अकराही जणांनी मुकाट 'कबूल' म्हटलं होतं आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा भोगायला मागच्या बाकावर जाऊन बसले होते. त्यातला एक तर चक्क घोरत होता.

आत्याचा वकील पुढे झुकला. "आत्या, हे काय मध्येच? आपलं ठरलं होतं ना?"

"तुझं ठरलं होतं."

"तिसरी वेळ आहे तुमची. कबूल केलंत तर महिन्यावर निभावेल. लढून हरलात तर सहा महिने आत."

सून भिंतीला टेकून उभी होती. आठवा लागला होता तिला. ती कुजबुजली, "आत्या, कबूल करा हो. सहा महिने आत गेलात तर माझ्या बाळंतपणाला कोण?"

"मीच. दुसरं कोण, तुझा नवरा?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. आत्याने पदराची गाठ सोडली, संत्र्याच्या वाळक्या सालीचा तुकडा काढला आणि तोंडात टाकला. पित्त जुनं होतं तिचं. घरी खिडकीत बारा महिने साली वाळत घातलेल्या असायच्या.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमच्या घरातून पाच लिटरचा कॅन जप्त झालाय. पंचनाम्यावर अंगठा तुमचाच ना?"

"अंगठा माझा. कॅनही माझा. पण त्यात दारू आहे म्हणता, ती दाखवा की. इथेच, चारचौघांत. निघाली तर सहा नाही, बारा महिने द्या. याच पावली आत जाते."

दाराशी मुद्देमाल खोलीचा हवालदार उभा होता. जप्तीचा माल सांभाळणं, त्याला सील लावणं त्याचं काम. तो घाईने पुढे आला. "साहेब, सील तोडावं लागेल. आजवर कधी कुणी असं..."

"आजवर कुणी नाही म्हटलंच नव्हतं," न्यायाधीश म्हणाले. "आणा."

कॅन आला. लाखेचं सील शाबूत, चिठ्ठी शाबूत, सह्या शाबूत. कारकुनाने सील फोडलं, वास घेतला. पुन्हा घेतला. मग ग्लासात ओतून उजेडाला धरलं आणि बोट बुडवून जिभेला लावलं.

"साहेब, नळाचं पाणी आहे."

घोरणारा खडबडून जागा झाला. शेजारच्याने सांगताच ओरडला, "मग आमचेही कॅन उघडा की, साहेब!"

आत्या सुटली. हवालदाराला मात्र कोर्ट उठेपर्यंत तिथेच थांबायला सांगितलं गेलं. वकील आत्याकडे बघतच राहिला.

"तोंड मीट," आत्या त्याला म्हणाली, "माशी जाईल."

बाहेर पायऱ्यांवर सुनेने तिचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "आत्या, तो कॅन तर मी माझ्या हाताने भरला होता. काठोकाठ. आत पाणी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"परवा त्या हवालदाराचा मेहुणा मागच्या दाराने आला होता. स्वस्तात माल देतो म्हणाला. मी बोटभर चाखून पाहिला."

आत्याने सालीचा चोथा पायरीखाली थुंकला.

"दारूत संत्र्याची साल माझ्याशिवाय घालतं कोण गं?"