कमळीची अट

सीवूड्सच्या सोसायटीत सेक्रेटरी हेतलबेननी मोठ्या हौसेनं ॲप आणलं. पण त्यावर 'आज पाणी नाही' असं यायचं तेव्हा नळ धो धो वाहत असायचे, आणि 'लिफ्ट चालू' वाचून निघालेले लोक जिने उतरत असायचे. हळूहळू ॲप उघडणंच सगळ्यांनी सोडलं. महिनाअखेरच्या सभेत ते बंदच होणार, म्हणून हिरमुसलेल्या हेतलबेन गेटपाशी मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या कमळीकडे आल्या.

"मावशी, तुमचं सगळे ऐकतात. जरा सांगा ना लोकांना, ॲप बघा म्हणून."

कमळीला हसू आलं. तिची आई याच खाडीकाठी दारोदार मासळी विकायची, आणि शिळी असली तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगून टाकायची.

"बाय, शिली मासली ताजी म्हनून मी कदी विकली नाय. तुजा ॲप कसा खपवू? पयला त्याच्यावर खरा लिव. माज्या पाटीपासनंच सुरुवात कर."

दुसऱ्या दिवशी ॲपवर आलं, 'कमळीमावशींकडे पापलेट ताजं, सुरमई कालची.' लोक खाली आले, तर तसंच निघालं. मग हेतलबेन पाण्याची सूचनाही गच्चीवर जाऊन, टाकीत डोकावून लिहू लागल्या. सभेत ॲप बंद करायचा विषय कुणी काढलाच नाही.

 

घरात कांदासुद्धा न शिजवणाऱ्या हेतलबेन आता रोज सकाळी ॲपवर 'ताजं' लिहिण्याआधी नाकाला ओढणी लावून पाटीवर वाकतात आणि कमळीच्या शब्दावरही न विसंबता, एकेका पापलेटाचा कल्ला उचलून लाल आहे ना ते स्वतः बघतात.