दहाव्याचा कावळा

अठ्ठेचाळीस सालच्या मे महिन्यातली ती दुपार. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या घरी शालन आणि तिची आई लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या.

"यंदा जरा तिखट करू. तुझ्या आबांना सुटीवर आले की तेच लागतं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तार आली. सुभेदार आबा काश्मीरच्या लढाईत पडले होते. देह मिळाला नव्हता.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या जांभळीवर बसून राहिले, एकही खाली येईना.

"दादा, शालूचं लग्न मी लावून देईन," काका हात जोडून म्हणाले. "वहिनींनाही काही कमी पडू देणार नाही."

कावळे हलले नाहीत.

"पलटणीतला माणूस," मामा पुटपुटले, "वरच्या हुकमाशिवाय कसा हलेल?"

भटजींनी आभाळाकडे पाहिलं. "ऊन फार झालं. दर्भाचा कावळा करून उरकू या."

"नको," आई म्हणाली. "त्यांचा जीव कशात तरी अडकलाय. तो सुटेपर्यंत मी इथून उठायची नाही." सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

शालन मात्र मनातून कावळ्यांना विनवत होती, शिवू नका रे. आबांचा देह कोणी पाहिलाच नव्हता. कावळा शिवला नाही, तर ते कुठेतरी जिवंत असतील.

उन्हाने आईला घेरी आली.

तशी शालन पिंडापाशी गेली आणि तार आल्यापासून तिने जे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं ते मोठ्याने म्हणाली, "आबा, तुम्ही गेलात."