प्रेताचं वजन

बलाईदा कलकत्त्याच्या जात्रा-नाटकांचा नायक, शेवटच्या अंकात रणांगणावर मरायचा. पण यंदा चार सैनिकांना त्याचं प्रेत उचलेना आणि लोक हसले. नाटकमालक म्हणाले, “रथयात्रेला नवा हंगाम सुरू. तोवर हलका हो, नाहीतर मरायला दुसरा माणूस बघतो.” होमिओपॅथीवाल्या निवारण डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. “दोन वेळा जेवायचं. मधेच भूक लागली की गोळी. गोळीनंतर अर्धा तास तोंडात काही नाही.” बलाईदाला भूक सारखीच लागे. त्यामुळे कुणी रसगुल्ला पुढे केला की तो मान हलवी, “आत्ताच गोळी घेतलीय.” बायको म्हणाली, “एवढं माझं कधी ऐकलं नाहीत.” रथयात्रेच्या दिवशी सैनिकांनी जुन्याच अंदाजाने जोर लावला. प्रेत मांडवाच्या छताला भिडलं. नायक सदेह स्वर्गात चालला म्हणून प्रेक्षकांनी हात जोडले. मालकांनी बलाईदासह तो प्रवेश कायम केला.