छातीत दुखतं का?

सटवाजीच्या खालच्या जबड्यात डावीकडे दोन दातांची जागा रिकामी होती. तीन महिन्यांपूर्वी तिथं एकाच दाताची फट होती, हे डॉक्टर नर्मदाबाईंना नक्की आठवत होतं.

त्यांनी हैदराबादहून आलेला फॉर्म पुढं ओढला. काळजाच्या नसा अरुंद झालेल्यांचं ऑपरेशन लगेच करावं, की गोळ्यांवर ठेवून वाट पाहावी, आणि पाहावी तर कुठवर, याचा तिथल्या मोठ्या दवाखान्यात अभ्यास चालला होता. सटवाजी वाट पाहणाऱ्यांतला. दुखणं वाढलं की त्यानं ऑपरेशनला जायचं, असं ठरलेलं. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तो बायकोला घेऊन चुडाव्याहून परभणीला येत होता, आणि फॉर्ममधला शेवटचा प्रश्न दर वेळी तोच असायचा.

"छातीत दुखतं का? आधीपेक्षा जास्त?"

"छातीला काय तकलीफ न्हाई बाई." सटवाजीनं छातीवर थाप मारली. "आन् फाडून शिवलेला गडी औत धरंल का? तुमीच सांगा."

पेन 'नाही'वर टेकलं होतं. नर्मदाबाईंनी ते उचललं आणि दातांचं विचारलं.

सटवाजी खुलला. ताडकळसच्या बाजारातल्या दातवाल्यानं एक दात उपटला, तर ठणका शेजारच्यात गेला. मग तोही उपटला. आता मोकळ्या जागीच ठणकायलंय म्हणाला, हाडालाच कीड लागली असंल.

"कवा ठणकतंय ते सांगा की," तानुबाई म्हणाली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच बोलत होती. नवऱ्यानं डोळे वटारले, तरी थांबली नाही. "नाल्याचा चढ लागला की जबडा धरून बसत्यात. बसलं की जातंय. आधी चढ सरल्यावर बसायचे. आता निम्म्यातच बसायलेत."

"हिला काय कळतंय," सटवाजी म्हणाला, पण हळू.

नर्मदाबाईंनी फॉर्मवरचा प्रश्न पुन्हा वाचला. छातीत. दोन वर्षं त्यांनी तो शब्द जसाच्या तसा विचारला होता, आणि या माणसानं खरं तेच उत्तर दिलं होतं.

त्यांनी त्याला टेबलावर निजवून हातापायांना पट्टे बांधले, कार्डिओग्राम काढला. रेघ मागच्यासारखीच होती. मग त्याला गच्चीच्या जिन्याशी नेलं. एका हातात त्याची नाडी, दुसऱ्यात गोळीची बाटली. सावकाश चढा, ठणकलं की तिथंच थांबा, असं बजावलं. तानुबाई खाली कठडा धरून उभी राहिली.

सातव्या पायरीपर्यंत तो बोलत होता. आठवीला गप्प झाला. नवव्या पायरीवर त्याचा हात जबड्याकडे गेला.

"छातीत?"

"न्हाई. दात."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोघींनी त्याला धरून खाली आणलं, पुन्हा पट्टे बांधले. कागदावर रेघ खचत गेली, दोन बारीक घरं खाली. नर्मदाबाईंनी गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली, गिळू नका म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. एक मिनिट. दीड. दोन मिनिटांनी सटवाजीनं जबड्यावरचा हात काढला.

"गेलं," तो म्हणाला.

"ही दाताची गोळी नाही, सटवाजी. काळजाची आहे."

त्यांनी रेघांचे दोन्ही कागद त्याच्यापुढं धरले. काळजाची कळ कधी कधी छातीत न थांबता जबड्यात चढते, हे समजावून सांगितलं. तो ऐकत होता, आणि त्याची जीभ आतल्या आत त्या मोकळ्या जागेवरून फिरत होती.

नर्मदाबाई हैदराबादला द्यायची चिठ्ठी लिहायला बसल्या. तिथं नुसतं दाखवून यायला अशी चिठ्ठी लिहू का म्हणून त्यांनी आधीही दोनदा विचारलं होतं. एकदा ज्वारी काढायची होती, एकदा लेक बाळंतपणाला आली होती.

"कधी येताय म्हणून लिहू?"

तानुबाईनं पिशवी काखेत मारली. गावाकडं जाणारी गाडी यायची वेळ झाली होती. तीच पुढं हैदराबादला जायची.

"उठा," ती म्हणाली. "गाडी चुकंल."

तो उठला, टेबलाला धरून. बाईंकडं न बघता बायकोला म्हणाला, "चुडाव्याला उतरायचं न्हाई आज."