जाऊन येतो

पन्नाशीतले भास्करराव उंबऱ्याशी उभे होते. उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा संधिवाताने धरला होता. चालणं थांबलं तर तो कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून घेतलेले नवे बूट अंगाचा भार पेलत आणि मालकाच्या शब्दावर चालत.

"जाऊन येतो," ते म्हणाले. बूट वळले आणि त्यांना पुन्हा घरात घेऊन आले.

"बाबा, 'येतो' म्हटलं की ते घराकडेच वळणार," त्यांची मुलगी केतकी म्हणाली. "नुसतं 'जातो' म्हणा."

भास्कररावांना तो शब्द उच्चारवेना. काही वर्षांपूर्वी दारात रिक्षा थांबली म्हणून त्यांची बायको शालन घाईत "जाते" म्हणून निघाली होती. ती परत आलीच नाही.

"तूच म्हण ना."

"ते तुमचाच आवाज ओळखतात."

त्यांनी डोळे मिटले. "जातो."

बूट निघाले. कोपऱ्यावर त्यांचा धीर सुटला. "येतो! येतो!" ते ओरडले, तसे बूट मागे फिरले.

केतकी दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. "झालं फिरणं?"

"परत आणतात का, तेवढंच बघितलं गं. आता टेकडीपर्यंत जातो," ते बोलून गेले, आणि घाबरायला वेळ मिळायच्या आत बूट चालू लागले.